कर्ण्याचं तोंड

गेल्या महिन्यात औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. मी त्या शाळेवर नाही, जवळच्याच एका शाळेवर आहे. पण माझ्या वर्गातून अशी दोन-तीन लेकरं गेलेली, म्हणून मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. विषय एकच होता. दुसरीतला एक मुलगा. स्वमग्न (ऑटिस्टिक) असल्याचं प्रमाणपत्र आहे. रोज परिपाठाला कान दाबून किंचाळतो, रांग सोडून पळतो, धरलं तर चावतो. तिघा पालकांनी लेखी तक्रार दिली होती. त्यातल्या एकाचं म्हणणं, “त्याला त्याच्यासारख्यांच्या शाळेत घाला, आमच्या लेकरांचं नुकसान व्हायलंय.” दुसऱ्या बाजूला गावातली जुनी माणसं, “देवाचं लेकरू हाय, सांभाळून घ्या.” लातूरला क्लास चालवणारे एक सदस्य छातीठोकपणे सांगत होते, “थेरपी लावा, सहा महिन्यांत नॉर्मल होतंय.” (आमच्या जिल्ह्यात कुठल्याही अडचणीवर क्रॅश कोर्स निघतोच.) दीड तास वाद चालला. मुलाची आई दाराशी बसून होती, तिला कुणी बोलतं केलं नाही. आणि परिपाठाचा कर्णा कुठं बांधलाय, दुसरीची रांग त्याच्यापासून किती लांब उभी राहते, हेही कुणी विचारलं नाही. चहा झाल्यावर मी जाऊन पावलं मोजली. सहा भरली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या मुलांना कुठं ठेवायचं, दया दाखवायची की शिस्त लावायची, हा आजार की देवाची देणगी, असे जे वाद आपल्याकडं चालतात, ते सगळे लेकराकडं बघत चालतात. लेकराच्या जागी उभं राहून बघायला कुणी तयार नसतं. त्याला काय ऐकू येतं, काय टोचतं, कशाचा धाक वाटतो, हे कळल्याशिवाय बाकीचे प्रश्न धड विचारताही येत नाहीत, मग त्यांची उत्तरं काय मिळणार? हकालपट्टी मागणारा पालक आणि देवाचं लेकरू म्हणणारे आजोबा, दोघांची गृहीतं एकच आहेत: हे पोरगं असंच आहे, ह्याच्या वागण्याला कारण नाही. माझ्या मते कारण असतं. बहुतेक वेळा ते खोलीतच असतं.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी तोच शब्द ११ मुलांना लावला. आपण त्याचं ‘स्वमग्नता’ असं इमानदारीत भाषांतर केलं, त्यातल्या चुकीसकट. मराठीत तर ‘मग्न’ म्हटलं की सुख डोळ्यांपुढं येतं. भजनात मग्न, कामात मग्न. कान दाबून बाकाखाली बसलेलं पोर कशात मग्न असतं? पण शब्दाच्या मुळाशी गेलं तर मग्न म्हणजे बुडालेला. जायकवाडीच्या पाण्यात गावं गेली त्यांना आपण जलमग्न म्हणतो. त्या अर्थानं हे लेकरू मग्न आहे खरं. मात्र ते स्वतःत बुडालेलं नाही. आपल्या आवाजात, उजेडात, वासात, धक्काबुक्कीत बुडालंय. जग त्याच्यापर्यंत पोचत नाही असं आपण समजतो. त्याची अडचण अशी की जग फार पोचतं.

हे नवीन ज्ञान आहे असंही नाही. कॅनर यांनी त्या ११ मुलांबद्दल लिहिताना नोंदवून ठेवलंय की मोठे आवाज आणि हलत्या वस्तू त्यांना घाबरवायच्या: व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र, इतकंच काय, वारासुद्धा. पण निदानाच्या अमेरिकी निकषांत ज्ञानेंद्रियांच्या या त्रासाला जागा मिळाली २०१३ साली. सत्तर वर्षं मधे गेली. कुठं गेली? त्यातली बरीचशी आईला दोष देण्यात गेली. आईबाप थंड, कोरडे, म्हणून मूल असं, हा विचार कॅनर यांच्याच लेखनात डोकावला आणि १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी त्याचं जाडजूड पुस्तक केलं. खरं तर त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील आणि नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, हा दोषारोप पुराव्यानिशी खोडून काढला होता. तरी पुढं कित्येक आया अपराधी होऊन जगल्या. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडं त्या थंड आईची जागा मोबाइलनं घेतलीय. “आईनं मोबाइल हातात दिला, म्हणून झालं,” हे वाक्य मी मागच्या वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल. लहान लेकराला तासन्‌तास मोबाइल दिला तर बोलणं मागं पडतं, नजर चुकवायची सवय लागते, हे मान्य. मोबाइल कमी केल्यावर सुधारलेली मुलंही मी बघितलीत. पण म्हणून मोबाइलनं स्वमग्नता येते? १९४३ साली बाल्टिमोरमध्ये कुणाच्या हातात मोबाइल होता?

आता लेकराच्या जागेवर जाऊन बघू. वर्गात पंखा घरघरतो. पाच मिनिटांत तुमचा-माझा मेंदू तो आवाज बाजूला टाकतो, पुन्हा ऐकूच येत नाही. यातल्या पुष्कळ मुलांना ही सवय होतच नाही, किंवा फार उशिरा होते. पंखा पहिल्या मिनिटाला जेवढा, तेवढाच चाळिसाव्या मिनिटाला. त्याच पातळीवर बाईंचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे, बाहेर शिजणाऱ्या खिचडीचा वास, नव्या गणवेशाच्या कॉलरचं टोचणं. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ती स्थिर दिसते, काहींना लुकलुकताना दिसते. या सगळ्यातून एकटा बाईंचा आवाज वेगळा काढायचा आणि वर “लक्ष कुठंय?” हेही ऐकायचं. याच्या उलटही असतं, आणि एकाच मुलात दोन्ही असतं. माझ्या वर्गातला एक मुलगा कुकरच्या शिट्टीला थरथरायचा आणि शाळा सुटली की पिठाच्या गिरणीत जाऊन पट्ट्याशेजारी अर्धा-अर्धा तास उभा राहायचा. गाव म्हणायचं, “बघा, नाटकं हायती. गिरणी चालती अन् शिट्टी चालत नाही.” नाटक कसलं? गिरणीचा आवाज एकसारखा, कधी सुरू होणार ते ठाऊक, नको वाटलं तर निघून जाता येतं. शिट्टी न सांगता कानात घुसते. तोच मुलगा एप्रिलच्या उन्हात तहान लागली हे सांगायचा नाही, त्याला ती कळायचीच नाही. ओठ सुकले की आम्हीच पाणी द्यायचो. आणि ४२ डिग्रीत आजीची जाडजूड वाकळ अंगावर घेऊन झोपायचा. वजनदार पांघरुणाची ब्रिटनमध्ये चाचणी झाली, २०१४ साली निष्कर्ष छापून आले. मुलांची झोप मोजली तर वाढली नव्हती, तरी मुलांनी पांघरूण तेच मागितलं. झोपेच्या तासांपलीकडंही त्यांना त्यातून काही मिळत असणार. ते आपल्या मोजपट्टीत बसत नाही, इतकंच.

मला हे सगळं आधीपासून कळत होतं असं कुणी समजू नये. अकरा वर्षांपूर्वी माझा वर्ग पत्र्याच्या खोलीत भरायचा. जुलैतली दुपार, एकाएकी धो धो पाऊस. पत्र्यावर असा कल्ला की फळ्यासमोरचं पहिल्या बाकाला ऐकू जाईना. हाच गिरणीवाला मुलगा बाकाखाली शिरला आणि डोकं जमिनीवर आपटायला लागला. पोरं हसायला लागली. मला वाटलं, वर्ग हातचा चाललाय. मी खाली वाकले आणि दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं. तो मनगटाला चावला. वळ आठवडाभर होता. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना तो दाखवला आणि ‘चावरं पोरगं’ हे नाव त्याला माझ्यामुळं पडलं. त्याच्या बाजूनं ती दुपार कशी असेल? डोक्यावर डबा ठेवून कुणी दगडांनी बडवतंय, लपायला एकच जागा सापडलीय आणि तिथूनही एक हात येऊन ओढतोय. तुम्ही काय केलं असतं?

इथं एक रास्त शंका येते. मुलाच्या आत काय चाललंय हे बाहेरच्याला काय माहीत? बाई कल्पनेनं रंगवून सांगत असतील. शंका बरोबर आहे, आणि म्हणूनच जे मोठे झाले, बोलते-लिहिते झाले, त्यांचं ऐकायला हवं. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांनी सांगितलंय की लहानपणी कुणी जवळ घेतलं की त्यांना सहन व्हायचं नाही, पण घट्ट दाब मात्र हवाहवासा वाटायचा. मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी बघितलं की लस टोचताना गुरांना ज्या चौकटीत दाबून धरतात, तिथं घाबरलेलं जनावर शांत होतं. आपल्या जनावरांच्या दवाखान्यासमोर खोडा असतो, त्याच्याच जातीचं ते यंत्र. त्यांनी स्वतःसाठी तसं एक बनवलं आणि पुढं गुरं हाताळण्याच्या व्यवस्थेतल्या नामांकित तज्ज्ञ झाल्या. एका बाईवरून सगळ्यांचा अंदाज करू नये, कबूल. पण मग दुसरी गोष्ट बघा. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकानं प्रश्न उलटा केला. या लोकांना इतरांच्या भावना कळत नाहीत, असं सगळे म्हणतात. इतरांना यांच्या कळतात का? २०२० साली एडिंबरामधल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली, तीही आपल्या कानगोष्टीच्या खेळानं. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढं सांगायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी शाबूत राहिली, तेवढीच सगळे इतर असलेल्या साखळीत राहिली. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळ्यांत. म्हणजे संवादात कमी पडतात ते दोघंही. प्रमाणपत्र मात्र एकालाच मिळतं.

त्या प्रमाणपत्राविषयीही दोन शब्द. त्यासाठी वापरतात ती भारतीय मापनश्रेणी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली, २००९ साली. चाळीस मुद्दे, त्यात ज्ञानेंद्रियांचे सहा. बाकीच्यांत बराच भाग डोळ्याला डोळा देतो का, मिसळतो का, बोलतो का, म्हणजे बघणाऱ्याला काय दिसतं याचा. प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, त्यामुळं त्याची टवाळी मी करणार नाही. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच, २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली, ही लहान गोष्ट नाही. पण कागद भरून झाला म्हणजे पोरगं समजलं, असं शाळांनी मानू नये.

“आम्हा सगळ्यांना चालतं, ह्यालाच काय होतंय? सवय लावा.” बैठकीत हे तिघांनी तीन प्रकारे म्हटलं. म्हणणारे औशाचे, म्हणून मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. त्यानंतर कित्येक महिने आमच्या भागात माणसं अंगणात झोपली. रस्त्यावरून ट्रक गेला, घरात ताट पडलं की धडधाकट गडी उठून पळायचे. माझी आजी मरेपर्यंत माळवदाखाली झोपली नाही. त्या माणसांना कुणी नाटकी म्हणालं? भूकंपाचा धसका आणि स्वमग्नता एक नव्हे. धसक्याला एक तारीख असते आणि तो हळूहळू ओसरतो. पण एखाद्याच्या शरीराला धोक्याची घंटा आपल्याआधी ऐकू येते, हे समजायला मराठवाड्याला पुस्तक लागू नये. आणि आपल्याच पैठणची गोष्ट आहे. भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटात रडणारं लेकरू एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं. आपण ती नेहमी जातिभेदाच्या विरोधात सांगतो, तशी सांगावीच. पण त्यात आणखी एक साधी गोष्ट आहे. वाळू सगळ्यांनाच तेवढी तापलेली होती. हे रडतंय का, असं नाथांनी विचारलं नाही. पाय पोळतायत हे त्यांना दिसलं.

माझ्या विरोधातला सगळ्यात जड मुद्दा आता घेते. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, प्राध्यापक झालेल्यांची उदाहरणं देऊन बाई चित्र गुळगुळीत करतायत, असं कुणी म्हणेल. लातूरमध्ये मला अशा आया माहीत आहेत ज्यांचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, एक शब्द बोलत नाही, रात्री दोन-तीन तासच झोपतो, स्वतःच्या हाताला चावून जखमा करतो. लग्नकार्याला जाऊन त्यांना वर्षं झालीत. त्यांना ‘वेगळी क्षमता’, ‘देवाची देणगी’ असले शब्द ऐकवणं हा मला निर्दयपणा वाटतो. थोर शास्त्रज्ञांची नावं घेऊन धीर देणाऱ्या पोस्टचाही संताप येतो. ट्यूब बदलून त्या घरातलं ओझं उतरणार नाही. पण म्हणून लेकराच्या जागेवरून बघायचं सोडायचं? ज्याला शब्द नाही त्याच्यापाशी वागणं हीच एक बोली उरते, तिथं तर हे जास्तच गरजेचं. गप्प बसणारा मुलगा एकाएकी डोकं आपटायला लागला तर दात दुखत असेल, कान फुटला असेल, पोट साफ नसेल. ‘ह्या मुलांचं असंच असतं’ म्हणून दात तसाच राहतो. थोडं बोलणाऱ्यांचंही तेच. माझा गिरणीवाला तहान कळायला लागल्यावर म्हणायचा, “तुला पाणी पायजे का?” आम्ही म्हणायचो, नको बाबा. पाणी येतं तेव्हा हे वाक्य ऐकू येतं, म्हणून पाणी हवं तर हे वाक्य म्हणायचं. त्याचा हिशेब चोख होता. ढ आम्ही होतो.

शिक्षकांचा मुद्दा मी पटकन मान्य करते, कारण मीच त्यात आहे. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक. प्रत्यक्षात द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग दोघांत, वर ऑनलाइन माहित्या आणि खिचडीचा हिशेब. फिरते विशेष शिक्षक महिन्यातून कधी दिसतील तेवढेच. पण मी मागतेय त्यात तास किती जातो? कर्णा फिरवणं. बाक खिडकीपासून हलवणं. आज काय काय होणार याची चार चित्रं फळ्याच्या कोपऱ्यात काढणं. घंटा व्हायच्या आधी खांद्याला हात न लावता सांगणं. उरला प्रश्न त्याला बाहेर घालवण्याचा. तर २०१६ च्या कायद्याचं ३१ वं कलम सांगतं की चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, निवड त्याची. समितीची नाही.

शेवटचा आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. जग काही त्याच्यासाठी आवाज कमी करणार नाही, मग आत्ताच कणखर केलेलं बरं नाही का? रस्ता ओलांडणं, शौचाला जाणं, हवं ते मागणं शिकवायलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. माझा वाद आहे तो ‘नॉर्मल दिसण्या’च्या शिक्षणाशी. आपल्या घराघरांत डावखुऱ्या पोरांचे हात बांधले, फटके दिले, प्रसाद उजव्या हातानं घ्यायला लावला. त्यानं किती डावखुरे उजवे झाले आणि किती नुसते तोतरे, भित्रे झाले? १८८० साली मिलानच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षकांनी ठराव केला की मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं, हातवाऱ्यांची भाषा नको. शंभर वर्षं शाळाशाळांतून मुलांचे हात गप्प बसवले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेनं त्याबद्दल खेद व्यक्त केला. स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचारातही, लॉस एंजेलिसच्या लोव्हास यांनी १९६० च्या दशकात विजेचे झटके वापरून बघितले. १९८७ साली त्यांनी १९ पैकी ९ मुलं नॉर्मल झाल्याचं जाहीर केलं. यश कशाला म्हणायचं? तर ती इतरांत ओळखू येत नाहीत, याला. आजच्या चांगल्या थेरपिस्टना हे ऐकून लाज वाटते, पण “माझ्या डोळ्यात बघ” हा हुकूम अजून चालूच आहे. काहींना डोळ्यात बघितलं की ऐकू येणं बंद होतं. मग बाईंनी ठरवावं, नजर हवी की लक्ष.

परवा मुख्याध्यापकांचा फोन आला. कर्ण्याचं तोंड मागच्या शेताकडं फिरवलंय, दुसरीची रांग पार चिंचेखाली नेलीय, आणि माइक लावायच्या आधी वर्गाचा मॉनिटर त्याच्यासमोर जाऊन दोन बोटं वर करतो. कान दाबतोच अजून. पण चार दिवस चावला नाही. पाचव्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला हलगी लावली होती, त्या दिवशी चावला. तक्रार आता दुसरीच आलीय म्हणाले. मागच्या शेतवाल्यांच्या गोठ्यावर कर्णा थेट जातोय, म्हैस पान्हा चोरायलीय.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, लगेच वर केला की थोडा. मुकं जनावर हाय, त्याला तरास होत असंल.”